उस्मानचाचांची डाट

उस्मानचाचांच्या लेकीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी केजच्या बाजारात शेपूची जुडी हातात धरून, ती ताजी आहे की नुसतं पाणी मारलेली आहे, यावर भाजीवालीशी हुज्जत घालत होतो. "गुरुजी, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. मग, "दुपारच्या नमाजनंतर नेनार हायेत. तुमी येताव ना?" मी येतो म्हणालो. जुडी होती तिथं ठेवली आणि निघालो. मागून भाजीवाली ओरडली, "घ्यायची न्हवती तर इतका वेळ हाताळली कावून?" एरवी मी तिला उत्तर दिल्याशिवाय हललो नसतो. त्या दिवशी काळीपिवळी जीपमध्ये बसून आमच्या जुन्या गावाला, युसूफ वडगावला पोचेपर्यंत तिचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

उस्मानचाचा सुतार होते. जनाजा ज्या लाकडी पलंगावरून नेतात तो मशिदीतला पलंगही त्यांच्याच हातचा. त्याच पलंगावरून त्यांना नेलं. कब्रस्तानात मीही मूठभर माती दिली आणि कडेला लिंबाच्या सावलीत उभा राहिलो. शेजारी दोन म्हातारे बोलत होते. एक म्हणाला, "हात लई चांगला होता बे त्याचा." दुसरा म्हणाला, "हात चांगला होता, पन ती एक नाव नडली त्याला. कच्ची नाव दिली अन् बाई बुडाली." पहिल्यानं मान हलवली. मी तीन पावलांवर उभा होतो. त्यांना ओळखीचा वाटलोही असेन. बोलायला तोंड उघडलं आणि घसा खाकरून परत मिटलं. माणूस मातीखाली गेला तरी ती नाव त्याच्या नावावर तशीच राहिली, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसांत खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. हा लेख त्या नावेबद्दल आहे. चाचांच्या आठवणी म्हणून वाचायला घेतलेल्यांनी जरा धीर धरावा. आठवणीही येतीलच, पण त्या सगळ्या त्या नावेपाशीच जाऊन थांबतात.

बीड जिल्ह्यात नावा बांधणारा सुतार, हे ऐकून बाहेरचे लोक हसतात. आमच्याकडं पाण्यासाठी टँकरमागं पळायची सवय, नाव कुठून आणता म्हणतात. पण मांजरा नदीवर धरण झालं, पाणी आमच्या शिवारापर्यंत मागं पसरलं, आणि गावागावांमधले जुने रस्ते त्याखाली गेले. भोई मंडळी मासेमारीला लागली. त्यांना नावा पाहिजे होत्या. उस्मानचाचांचे पणजोबा कधीतरी कोकणच्या किनाऱ्यावरून वर आलेले, तिथं गलबतं बांधणाऱ्यांच्या हाताखाली काम केलेले. मधल्या दोन पिढ्यांनी तिफणी आणि बैलगाड्याच केल्या, तरी नाव कशी बांधायची हे घरात तोंडी चालत आलं होतं. चाचांनी समुद्र कधी पाहिला नाही. औरंगाबादच्या पलीकडं ते गेले नव्हते. तरीही शीड कुठं असतं, ते ज्या आडव्या काठीला बांधतात त्या काठीला परबाण म्हणतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या स्वतःच्या नावांना ना शीड होतं ना डोलकाठी. "लागत न्हाई, पन माहीत पाहिजे," म्हणायचे. "बापानं सांगितलेलं इसरायचं कावून?"

त्यांची एक रीत होती आणि हा सगळा लेख त्या रीतीवर उभा आहे, म्हणून नीट सांगतो. नव्या नावेच्या तळाशी, मागच्या बाजूला, ते अंगठ्याएवढं एक भोक ठेवायचे. त्यात बसणारी लाकडी खुंटी स्वतः तासायचे. तिला ते डाट म्हणायचे. नाव तयार झाली की ती पाण्यात ढकलायची, डाट काढून घ्यायची, आत दगड भरायचे आणि नाव काठाशी चक्क बुडवून ठेवायची. वाळलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि दोन फळ्यांमधली दर्ज आपोआप मिटते. याला वेळ लागतो. चाचा तो आठवडी बाजारावर मोजायचे. तीन बाजार. तोवर डाट त्यांच्या घरी, कोनाड्यात. तीन बाजार झाले की नाव वर काढायची, मालकानं गुळाचा खडा आणायचा, आणि चाचांनी डाट त्याच्या हातावर ठेवायची. तेव्हा नाव त्याची. त्याआधी कुणी कितीही घाई केली, सरपंच आला तरी डाट मिळत नसे. ही गोष्ट पाण्याकाठच्या प्रत्येकाला माहीत होती. मलाही होती.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. नुकताच शाळामास्तर झालेलो, त्यामुळं जगातलं सगळं आपल्याला कळतं असा एक ताठा अंगात होता. माझी थोरली बहीण सिंधूआक्का पंचमीला माहेरी आली होती. तिला तेलगावला सासरी परत जायचं होतं. केजहून दुपारची एस.टी. धरायची तर पाण्याला वळसा घालून जाण्यात अर्धा दिवस जाणार, आणि पाण्यावरून गेलं तर पलीकडचा डांबरी रस्ता समोर दिसत होता. नेहमी माणसं सोडणारा भोई त्या दिवशी आजारी. आणि काठाशी लिंबाजी भोयाची नवी कोरी नाव, दगड भरून, पाण्यात बुडवलेली. तिचे दोनच बाजार झाले होते.

मी चाचांकडं डाट मागायला गेलो नाही. गेलो असतो तर त्यांनी दिली नसती, हे माहीत होतं म्हणूनच गेलो नाही. आक्का म्हणाली, "आरं, उस्मानचाचाला इचार तरी." मी म्हणालो, "खुंटीच ती, तिच्यात काय सोनं भरलंय?" दगड काढले, नावेची मागची बाजू काठावर ओढून घेतली, घागरीनं आतलं पाणी उपसलं. आक्कानंही पदर खोचून उपसलं, आणि आम्ही दोघं लहानपणी आडावर हसायचो तसे हसत होतो. बाभळीची एक फांदी तोडून मी भोकात बसवायला घेतली. ती सैल होत होती. आक्कानं पिशवीतल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली. मी ती फांदीला गुंडाळली आणि दगडानं ठोकली.

निम्म्या पाण्यात गेल्यावर आधी फळ्यांतून झिरपायला लागलं. आक्का ओंजळीनं पाणी बाहेर टाकायला लागली. मग ती चिंधी सुटली… पुढचं फार सांगता येत नाही. मला पोहता येत होतं, तिला येत नव्हतं. मी तिचं मनगट धरलं होतं. पंचमीला भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, त्या माझ्या मुठीत फुटल्या, आणि मूठ उघडली. काचेनं उघडली की मी उघडली, हे मी पस्तीस वर्षं स्वतःला विचारतो आहे. तळहातावर दोन पांढरे वण आहेत. आक्का दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली.

मी तापानं फणफणून पडलो होतो. पंचनाम्याला जमादार आला, गाव गोळा झालं. लिंबाजी संतापला होता, आणि त्याचं बरोबरच होतं. तो विचारत होता की तीन बाजार झाले नव्हते तर नाव पाण्यावर गेलीच कशी. हे सगळं मला नंतर आईनं सांगितलं. उस्मानचाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर नडीला होते. त्यांनी डाट मागितली, मी दिली. चूक माजी." एवढंच. कुणीतरी म्हणालं, मागणारा मागतोच, देणाऱ्याला अक्कल नको? आणि गावानं तेच धरलं. आई मला पेज पाजता पाजता सांगत होती, "त्या उस्मानला तरी अक्कल पायजे होती रं…" मी पेज गिळली. तापात होतो, बोलवत नव्हतं, असं मी पुढं बरेच दिवस मनाशी म्हणत राहिलो. ताप आठवड्यात उतरला होता.

त्यानंतर चाचांकडं नावेचं काम आलं नाही. एकही नाही. भोयांनी पत्र्याच्या नावा आणल्या, कुणी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडली, कुणी थर्माकोलचा तराफा बांधला, पण उस्मान सुताराची नाव नको. चाचा खाटा, चौकटी, आणि मशिदीतला तो पलंग करत राहिले. बुडालेली नाव कुणी काढली नाही. माणूस गिळलेली नाव कोण वर काढणार, असं लिंबाजी म्हणाला आणि ती तळाशीच राहिली.

माझी बदली झाली. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. दहा-अकरा वर्षांनी मी परत केज तालुक्यात आलो आणि एका रविवारी मनाचा हिय्या करून चाचांच्या दारात जाऊन उभा राहिलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. रंधा चालवता चालवता मान वर करून म्हणाले, "काय काम काढलं गुरुजी?" आणि माझ्या तोंडून निघालं, "चाचा, नावेच्या भागांना काय काय म्हणतात ते लिहून घ्यायचं होतं. शब्द मरायला लागलेत." रंधा थांबला. त्यांनी एक फळकूट माझ्याकडं बसायला सरकवलं. मग म्हणाले, "लिवा."

अशी ती वही सुरू झाली. जाताना मनात ते वाक्य घेऊन जायचो आणि येताना वहीत एक शब्द घेऊन यायचो. चाचा मन लावून सांगायचे. नावेचं पुढचं टोक म्हणजे नाळ. तळाचा कणा म्हणजे पठाण, ज्यावर सगळी नाव उभी राहते. पठाण शब्द कुठून आला हे मला आजतागायत सापडलेलं नाही. एक विद्वान म्हणाले संस्कृत पृष्ठ, म्हणजे पाठ, या शब्दावरून, दुसऱ्यांनी त्यांना वेड्यात काढलं, आणि चाचांचं म्हणणं असं की, "कुठून का आला आसंना, एकसंध पाहिजे. जोड दिलेला पठाण म्हंजे घात." बरगड्यांसारखी आतली वाकडी लाकडं म्हणजे वाक, ती ते बाभळीची घ्यायचे, जन्मतःच वाकलेली, कारण वाकवलेलं लाकूड पुन्हा सरळ व्हायला बघतं. सुकाणू मूळ अरबी, खलाशांबरोबर किनाऱ्यावर उतरलेलं. हे मी शोधून सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हंजे लई लांबून चालत आलंय की," म्हणाले. दर्ज हा फारसी. शिवण असा त्याचा अर्थ, आणि कपडे शिवणाऱ्याला दर्जी म्हणतात तो त्याच घरातला. दोन फळ्यांमधल्या फटीला हेच नाव कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, "फट कावून म्हनता? फट म्हंजे तुटलेलं. दर्ज म्हंजे जोडलेलं. जागा एकच हाय, पानी पिलं की कळतं काय ते." मी हेही लिहून घेतलं. मोठ्या अक्षरात.

दोन वह्या भरत आल्या. एका मंडळानं त्यातला काही भाग छापला आणि माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, भाषणं. लोकशब्दांचा रखवालदार, असं माझ्याबद्दल कुणीतरी म्हणालं. चाचा मागच्या ओळीत इस्त्रीचा पांढरा सदरा घालून बसले होते. मी भाषणात त्यांचं नाव दोनदा घेतलं आणि कर्तव्य केल्यासारखा खाली बसलो. शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ माझ्या कानात पुटपुटले, "हेच का ते… ती नाव…?" मी मान डोलावली. काय म्हणावं माझ्यासारख्या माणसाला? मी मात्र त्या दिवशी स्वतःला काहीच म्हणालो नाही, घरी येऊन जेवलो आणि शाल कपाटात ठेवली.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. धरण पार तळाला गेलं. बुडालेल्या देवळांचे कळस, विहिरींचे काठ, जुनी सडक, सगळं उघडं पडलं आणि लोक जत्रेला जावं तसे बघायला जाऊ लागले. चाचांचा निरोप आला. "नाव दिसतीया. येताव का?" मी गेलो. भेगाळलेल्या चिखलावरून आम्ही दोघं चालत निघालो. ते पुढं, मी वही काखेत मारून मागं. ती एका अंगावर कलंडून पडली होती, निम्मी गाळात. फळ्या काळ्या पडलेल्या, पण पठाण शाबूत होता. चाचा तिच्याभोवती फिरले. मग नाळेवर हात ठेवून त्यांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. नाळ. पठाण. वाक. दर्ज. बोटानं दर्ज चाचपून म्हणाले, "बगा, मिटलीया पूर्न. आता हिला काय होत न्हाई." मी खाली मान घालून लिहीत होतो. सगळं आधीच लिहिलेलं होतं, तरी पुन्हा लिहीत होतो.

शेवटी ते मागच्या बाजूला वाकले. गाळ खरवडला आणि त्या भोकात करंगळी घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्याचं नाव न्हाई लिवायचं, गुरुजी?"

ऊन रणरणत होतं. आजूबाजूला माणूस नव्हतं. पस्तीस वर्षांत देवानं मला याहून सोपी वेळ दिली नसती. मी वही मिटली आणि म्हणालो, "भोकाला काय नाव असतं चाचा? चला, ऊन लागेल तुम्हाला."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "चला," म्हणाले. त्यानंतरही मी त्यांच्याकडं जात राहिलो, चहा पीत राहिलो, पण त्यांनी स्वतःहून मला एकही शब्द सांगितला नाही. मी विचारलं तर सांगायचे. मी मनाची समजूत घातली की चाचांना तो विषय नकोच आहे, ते फार मोठ्या मनाचे आहेत, त्यांनी केव्हाच माफ केलं आहे. माफी मागितलीच नाही तर ती मिळाली कशी, हा साधा अर्थ मी मराठीचा मास्तर असूनही लावला नाही.

दफन झाल्यावर मी त्यांच्या घरी टेकलो होतो. शबाना आतून आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "अब्बानं तुमच्यासाठी ठिवलं होतं," ती म्हणाली. मी उघडलं. डाट होती. सागाची, एका बाजूला निमुळती, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. वरच्या अंगाला लिंबाजीच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. चाचांना तेवढी एकदोन अक्षरं येत होती.

"मी लहान हुते तवापासनं कोनाड्यात बगते," शबाना म्हणाली. "साफसफाई करताना आमी फेकायला निगालो की रागवायचे. हे काय हाय, कुनाचं हाय, म्हनलं तर म्हनायचे, गुरुजीचं हाय. एक दिस गुरुजी इचारतील, उस्मानचाचा, डाट कुटं हाय? त्या दिवशी देतो." तिनं फडकं उचलून घडी घातली. "तुमी कदी इचारलंच न्हाई, न्हवं?"

मी नाही म्हणालो. तिला बहुतेक काहीच माहीत नव्हतं. मी तिला तिथंच बसवून सगळं सांगितलं, सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पस्तीस वर्षं जे जमलं नाही ते पाच मिनिटांचं होतं. ती रडली नाही, रागावलीही नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मंजे अब्बाची नाव पक्की हुती." मी म्हणालो, "तीन बाजार झाले असते तर पक्कीच होती." ती म्हणाली, "ते आता मला सांगून काय करता गुरुजी? गावाला सांगा." मग ती चहा ठेवायला आत गेली आणि मला तो प्यावा लागला.

म्हणून हे इथं लिहितो आहे, म्हणजे त्या लिंबाखालच्या दोन म्हाताऱ्यांपर्यंत कुणीतरी वाचून पोचवेल. माझी आई हे न ऐकताच गेली. लिंबाजीही गेला. ज्यांना ऐकण्याचा हक्क होता ती माणसं संपेपर्यंत मी थांबलो, हे मला कळतं. आक्काच्या सासरची माणसं तेलगावला आहेत; हा अंक मी स्वतः घेऊन जाणार आहे.

डाट आता माझ्या टेबलावर आहे. तिच्या शेजारी दुसरी वही उघडी आहे, शेवटच्या पानावर. त्या दिवशी धरणात मी जिथं वही मिटली होती ते हे पान. काल मी त्यावर लिहिलं. माझं अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, पण वाचता येतं.

डाट : नावेच्या तळाच्या भोकात बसणारी लाकडी खुंटी. शब्दाचा उगम शोधला नाही. नाव पाण्यात पूर्ण मुरेपर्यंत ती घडवणारा स्वतःच्या घरी ठेवतो. लिंबाजी भोयाच्या नावेची डाट उस्मान सुतार यांनी कुणालाही दिली नव्हती.